शेवटच्या बाकावरचे प्राध्यापक

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सप्तलिंगी नदीच्या काठी वसलेले देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. जवळच्या मार्लेश्वराच्या यात्रेमुळे आणि इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली उभ्या केलेल्या ‘मातृमंदिर’ या सेवासंस्थेमुळे हे नाव कोकणाबाहेरही परिचित झाले. १९७२ साली देवरूख शिक्षण प्रसारक मंडळाचे महाविद्यालय येथे सुरू झाले. आज ते आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. तोपर्यंत या परिसरातल्या मुलाला पदवी घ्यायची झाली, तर रत्नागिरी, चिपळूण किंवा थेट मुंबई गाठावी लागे. मुलीच्या बाबतीत तर हा विचारही फारशा घरांत होत नसे. डोंगरकपारीतल्या वाड्यांवरून एस.टी.ने येऊन संध्याकाळी घरी परतता येईल, असे महाविद्यालय जवळ असणे ही कोकणातल्या अनेक कुटुंबांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती, हे शहरात वाढलेल्यांना सहजासहजी उमगायचे नाही.

अशा महाविद्यालयांचा विचार करताना आपण इमारत पाहतो, ग्रंथालय पाहतो, निकालाची टक्केवारी विचारतो. परंतु ज्या कामासाठी हा सारा डोलारा उभा राहिला, ते काम वर्गात चालते, आणि वर्गात नेमके काय घडते हे आपल्याला ठाऊक नसते. घंटा होते, प्राध्यापक हजेरीपट घेऊन आत जातात, दार लोटले जाते. मुंबई विद्यापीठाच्या वेळापत्रकाला परिचित असलेली ती अठ्ठेचाळीस मिनिटे संपली की दार उघडते. आत जे काही झाले, त्याला विद्यार्थ्यांखेरीज दुसरा साक्षीदार नसतो, आणि विद्यार्थ्याला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ज्याला समजले तो पुढे जातो. ज्याला समजले नाही तो मागच्या बाकावर सरकतो, मग गैरहजर राहू लागतो, आणि एके दिवशी मुंबईच्या गाडीत बसून एखाद्या दुकानात वा कारखान्यात कामाला लागतो. त्याच्या घरचे म्हणतात, ‘त्याचे डोके अभ्यासात नव्हते.’ खरोखर त्याचे डोके नव्हते, की शिकवणे त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते, याचा शोध कोणी घेत नाही.

या बंद दाराची एक गंमत अशी, की विद्यार्थी जसजसा वरच्या पायरीवर चढतो, तसतसे शिक्षकाच्या शिकवण्याकडे पाहणारे डोळे कमी होत जातात. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या गुरुजींना अध्यापनाची पदविका घ्यावी लागते, पाठाचे टाचण काढावे लागते, केंद्रप्रमुखांपुढे शिकवून दाखवावे लागते. माध्यमिक शिक्षक बी.एड. होताना सराव पाठ देतो. त्या वेळी मागच्या बाकांवर त्याचे मार्गदर्शक आणि सहाध्यायी निरीक्षणवह्या उघडून बसलेले असतात. महाविद्यालयीन प्राध्यापकाकडून मात्र पदव्युत्तर पदवीची अपेक्षा असते, आणि १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेची त्यात भर पडली. या परीक्षा त्याचे ज्ञान तपासतात. ते ज्ञान दुसऱ्याच्या मनात कसे रुजवावे, हे त्याने कोठे शिकावे याची सोय त्यांत नाही. एकदा नेमणूक झाली की निवृत्तीपर्यंतच्या तीस-पस्तीस वर्षांत एकाही सहकाऱ्याने त्याचा तास बसून ऐकलेला नाही, असे पुष्कळदा घडते.

प्राध्यापकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावे, पाहावे, ऐकावे आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे, हा या दुखण्यावरचा एक साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. परदेशांत त्यावर बरेच लिहिले गेले असल्यामुळे तो अगदी आधुनिक आहे, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक त्याचा इतिहास चार शतकांहून जुना आहे, आणि त्याचा एक मोठा धागा आपल्या ख्रिस्तसभेच्या शिक्षणकार्यातून गेलेला आहे. तो धागा उलगडून पाहिला तर वर्गात येणाऱ्या पाहुण्याची दोन रूपे दिसतात. एक येतो तो तपासायला, आणि दुसरा येतो तो सोबत करायला. यांतला पहिला दुसऱ्याची जागा घेतो तेव्हा काय होते, हेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

८ जानेवारी १५९९ रोजी येशूसंघाचे महाप्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिवा यांच्या कारकिर्दीत ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ हा संघाच्या सर्व विद्यालयांसाठीचा अभ्यासविषयक आराखडा जारी झाला. बरीच वर्षे मसुदे फिरवून, ठिकठिकाणच्या शिक्षकांची मते मागवून तो सिद्ध झाला होता. त्यात कोणते ग्रंथ शिकवावेत, परीक्षा कशा घ्याव्यात यांबरोबरच शिक्षकांसंबंधी काही बारीक नियम आहेत. खालच्या वर्गांच्या अभ्यासप्रमुखाने निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाचे शिकवणे प्रत्यक्ष ऐकावे, असा एक नियम. वरच्या विद्याशाखांच्या प्रमुखानेही महिन्यातून एकदा तरी प्राध्यापकांच्या वर्गात जाऊन बसावे, विद्यार्थ्यांची टिपणे अधूनमधून वाचावीत, आणि काही उणे आढळले तर ते शिक्षकाला सौजन्याने सांगावे, असा दुसरा. याहून लक्षणीय असा तिसरा नियम नवशिक्षकांसाठी आहे. जे तरुण लवकरच शिकवायला जाणार आहेत, त्यांनी अध्यापनात मुरलेल्या एका जाणत्या शिक्षकापाशी आठवड्यातून तीनदा तासभर जमावे, आणि पाठ समजावून सांगणे, लेखन तपासणे, चुका दुरुस्त करणे यांचा आळीपाळीने सराव करावा.

नियम कागदावर असणे वेगळे आणि सर्वत्र पाळला जाणे वेगळे, हे उघड आहे. तथापि, शिकवणे ही पाहून, ऐकून, सुधारून घेण्याची कला आहे, आणि उत्तम विद्वानालाही तीत सोबतीची गरज असते, ही जाण १५९९ साली एका जगभर पसरलेल्या संस्थेने आपल्या नियमांत घातली होती, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढच्या शतकात फ्रान्समध्ये संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी हीच जाण गरिबांच्या शाळांत नेली. त्यांनी शिक्षकांना एकत्र राहायला आणले, त्यांचा संघ स्थापन केला, आणि त्या शाळांच्या कार्यपद्धतीविषयी जी पुस्तिका सिद्ध झाली, तिच्यात नवशिक्षक कसा घडवावा यालाही स्थान मिळाले. कोणत्या खोडी त्याच्यातून काढून टाकाव्यात आणि कोणते गुण त्याच्या अंगी बाणवावेत, याचा तेथे तपशिलाने विचार आहे. अतिबडबड ही त्या खोडींपैकी एक, हे वाचून आजच्याही प्राध्यापकांना हसू येईल. १९५० साली पोप पायस बारावे यांनी ला साल यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मुंबई इलाख्यात इंग्रजी अमदानीतील सरकारी मराठी शाळांचा आरंभ झाला तो कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईत शिक्षक तयार करून. १८२६ च्या सुमारास हे शिक्षक कोकणात आणि देशावर पाठवण्यात आले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाते उभे राहिले, आणि त्याबरोबर तपासनिसांची उतरंड आली. त्यांतला ‘डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर’ मराठी माणसाच्या तोंडी ‘दिपोटी’ झाला. दिपोटी यायचा म्हणजे शाळा सारवली जाई, मुले धुतलेल्या कपड्यांत येत, पाठ करून घेतलेली उत्तरे पुन्हा पुन्हा घोकून घेतली जात, आणि मास्तरांच्या पोटात गोळा उठे. दिपोटी प्रश्न विचारी, शेरेबुकात शेरा लिही आणि पुढच्या गावी जाई. त्या शेऱ्यावर मास्तरांची बढती, बदली आणि अब्रू अवलंबून असे. साहजिकच जे रोज घडते ते दिपोटीला कधी दिसत नसे, आणि जे त्याला दिसे ते रोज घडत नसे.

या भीतीला पैशाचीही जोड मिळाली. इंग्लंडमध्ये १८६२ साली निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनिसापुढे जेवढी मुले वाचन, लेखन, गणितात उत्तीर्ण होतील, त्या मानाने शाळेला रक्कम. त्याच दशकात मुंबई इलाख्याने खाजगी शाळांच्या अनुदानासाठी हे तत्त्व उचलले. परिणाम दोन्ही देशांत सारखाच झाला. जे तपासनीस विचारणार तेवढेच शिकवायचे, आणि जे मूल उत्तीर्ण होण्याची शक्यता नाही त्याच्याकडे पाठ फिरवायची. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत टाकून देण्यात आली खरी, पण तिने मागे ठेवलेली एक समजूत अद्याप गेलेली नाही. वर्गात बाहेरचा माणूस आला म्हणजे तो काहीतरी काढून घेण्यासाठीच आला आहे, ही ती समजूत.

परंतु हे सांगताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी या देखरेखीविषयीही लिहिले. त्यांची तक्रार तपासणी जाचक आहे अशी नव्हती, तर ती फारच अपुरी आहे अशी होती. वर्षातून एकदा दिपोटी येऊन गेल्याने काही साधत नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली जावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही पाहिली जावी, असे त्यांचे म्हणणे होते. जोतीराव हे शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या मुलाच्या बाजूने बोलत होते. वर्गात त्या मुलाकडे शिक्षक कसे पाहतो, त्याला शिकवतो की कोपऱ्यात बसवून ठेवतो, हे बाहेरच्या कोणी तरी पाहिल्यावाचून कळणार कसे? तेव्हा ‘आमच्या वर्गात कोणी येऊ नये’ हा शिक्षकाचा हक्क म्हणून सांगणाऱ्याला जोतीरावांच्या या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. दार उघडले पाहिजे, यात शंका नाही. ते कोणासाठी आणि कोणत्या हेतूने उघडावे, एवढाच विचाराचा भाग उरतो.

उच्च शिक्षणात मात्र दिपोटीही नव्हता. महाराष्ट्रातल्या खाजगी महाविद्यालयांचा विचार निघाला की पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे नाव प्रथम घ्यावे लागते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली ते काढले. त्याच्या जडणघडणीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. लोकमान्य टिळक मूळ रत्नागिरीचे, गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म गुहागरजवळच्या कोतळूकचा, आणि १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडल्यावर गोखल्यांच्या सूचनेवरून जे गणिताचे प्राध्यापक तेथे आले ते धोंडो केशव कर्वे मुरूडचे. या संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर, बाहेरच्या मिळकतीचा मोह टाळून काम करीत. त्यांची तुलना त्या काळी जेझुइटांशी होत असे, आणि टिळकांनीही सोसायटी सोडताना त्याच आदर्शाचा हवाला दिला होता. येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ सालीच सुरू केले होते, त्यामुळे हा आदर्श दूरचा नव्हता. विशेष हे, की जेझुइट म्हटले की महाराष्ट्राला आठवला तो त्यांचा त्याग. पंधरा दिवसांतून एकदा सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसण्याचा जो नीरस वाटणारा नियम त्या त्यागाच्या शेजारीच होता, तो आमच्या महाविद्यालयीन परंपरेत रुजला नाही. थोर शिक्षक आम्हांला लाभले. पण थोरपणा त्या त्या व्यक्तीबरोबर आला आणि तिच्याबरोबरच गेला. तो शेजारच्या वर्गात पोहोचवण्याची व्यवस्था आम्ही केली नाही.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव एका मोठ्या अहवालाच्या ध्यानात आली होती. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने १९६६ च्या जूनमध्ये आपला अहवाल सादर केला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. मूळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे असे हे शिक्षणतज्ज्ञ. या अहवालाच्या शेकडो शिफारशींत एक लहानशी शिफारस अशी आहे, की नव्याने नेमलेल्या अधिव्याख्यात्याला संस्थेत रुळण्यास थोडा अवधी द्यावा, आणि चांगल्या शिक्षकांची व्याख्याने जाऊन ऐकण्यास त्याला उत्तेजन द्यावे. मोठ्या विद्यापीठांनी प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी कायमची व्यवस्था करावी, असेही अहवालात सुचवले होते.

यांतली दुसरी सूचना वीस वर्षांनी का होईना अमलात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाची अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली, आणि उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग प्राध्यापकांच्या बढतीशी जोडले गेले. कोकणातला प्राध्यापक तीनचार आठवडे शहरात जाऊन व्याख्याने ऐकून येऊ लागला. त्याचे मोल आहेच. परंतु पहिली सूचना, जिला पैसा लागत नव्हता, इमारत लागत नव्हती, शेजारच्या वर्गापर्यंत चालत जाणे तेवढे लागत होते, ती कागदावरच राहिली.

पुढे १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, स्थापन झाली. तिच्या वतीने महाविद्यालयांना भेट देणाऱ्या समितीला ‘पिअर टीम’, म्हणजे बरोबरीच्यांची समिती, असे नाव मिळाले. नाव बरोबरीचे, पण हाती श्रेणी देण्याचा अधिकार. साहजिकच भिंतींना रंग लागले, फायली सजल्या, आणि कितीएक वर्षांपूर्वीचा दिपोटी नव्या वेषात परत आल्यासारखे झाले. २०१० च्या नियमांनी तर प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण ठरवून दिले. तो किती तास शिकवतो, कोणत्या परिषदेत निबंध वाचतो, कोणत्या समितीवर बसतो, याची बेरीज बढतीसाठी होऊ लागली. ही गुणपद्धती २०१८ मध्ये बदलण्यात आली. दरम्यान पुष्कळांची शक्ती कागद गोळा करण्यात खर्ची पडली. निकालानुसार अनुदानाच्या वेळी जे झाले तेच येथे पुन्हा घडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्याची मोजदाद होते ते वाढते. ज्याची होत नाही ते मागे पडते, आणि वर्गातल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मुलाला काय उमगले, याची मोजदाद कोणत्याच तक्त्यात नव्हती.

याच काळात आमच्या जिल्हा परिषदांच्या शाळांत मात्र एक निराळी गोष्ट घडत होती, आणि तिच्याकडे महाविद्यालयांचे लक्ष गेले नाही. १९९४ पासून महाराष्ट्रात केंद्र योजना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रातल्या शिक्षकांची ठरावीक काळाने भरणारी शिक्षण परिषद. या परिषदेत एखादे गुरुजी किंवा बाई बाकीच्या शिक्षकांदेखत पाठ घेतात आणि मग त्यावर चर्चा होते. कोठे ती उत्साहाने होते, कोठे चहाफराळावर संपते, हे खरे आहे. पण आपल्या बरोबरीच्यांसमोर खडू हातात घेऊन उभे राहण्याची सवय प्राथमिक शिक्षकाला लागली. जपानमध्ये हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेथील शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत उभे राहतात, आणि शेवटी चर्चा होते ती त्या पाठाची. पाठ सर्वांचा असल्यामुळे तो फसला तरी कोणा एकाची मान खाली जात नाही.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ साली एका लेखात एक मार्मिक निरीक्षण मांडले. प्राध्यापक संशोधन करतो तेव्हा ते छापतो, सहकाऱ्यांना दाखवतो, त्यांची टीका झेलतो. तेथे तो समाजात असतो. शिकवायला जातो तेव्हा मात्र तो एकाकी असतो. वास्तविक ग्रंथालयातले काम एकांताचे आणि शिकवणे लोकांतले, असे आपल्याला वाटत होते. घडते ते नेमके उलट. अध्यापन ही विद्वज्जनांची सामाईक मालमत्ता झाल्याखेरीज तिला मान मिळणार नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

मग ही सोबत प्रत्यक्षात करावी कशी? ज्या संस्थांनी ही प्रथा नीट चालवली, त्यांच्या अनुभवातून काही साध्या गोष्टी ठरून गेल्या आहेत. भेट ठरवून व्हावी, आणि ती ज्याच्या वर्गाची असेल त्याच्या आमंत्रणावरून व्हावी. आधी दहा मिनिटे दोघांनी बसून बोलावे. यजमान शिक्षकाने सांगावे, ‘मी प्रश्न विचारतो तेव्हा मागची मुले गप्प का बसतात, एवढे पाहा.’ पाहुण्याने शेवटच्या बाकावर बसावे, मध्येच बोलू नये, आणि वहीच्या डाव्या बाजूस शिक्षकाने काय केले व उजव्या बाजूस मुलांनी काय केले ते नुसते टिपावे. चांगले-वाईट लिहू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा बसावे. पहिला शब्द यजमानाचा असावा. ती टिपणे यजमानाच्या स्वाधीन करावीत, प्राचार्यांच्या फायलीत ती जाऊ नयेत. आणि पुढच्या आठवड्यात भूमिका बदलाव्यात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहायला गेलेला प्राध्यापक स्वतःच्या डोळ्यातले मुसळ घेऊन परततो, असा यातला नेहमीचा अनुभव आहे.

हे टिपणे कशाला, असे कोणी विचारील. शिकवणाऱ्याला स्वतःला जे दिसत नाही ते पाहुण्याला सहज दिसते, म्हणून. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असे त्यांना आढळले. हाच अवधी तीन सेकंद किंवा अधिक केला, तर मुलांची उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलतात, आणि एरवी मागे राहणारी मुलेही पुढे येतात. आता आपण किती थांबतो हे शिकवणाऱ्याला कळणे शक्य नाही. त्याचे मन पुढच्या वाक्यात असते. घड्याळाकडे पाहणारा सहकारी मात्र ते सांगू शकतो. देवरूखसारख्या ठिकाणी, जेथे मूल घरी संगमेश्वरी बोली बोलते आणि वर्गात ग्रंथांची मराठी किंवा इंग्रजी ऐकते, तेथे त्या दोन जादा सेकंदांत उत्तराची जुळवाजुळव होऊ शकते.

लहान महाविद्यालयांना एक अडचण नेहमी सांगितली जाते. एका विषयाला दोन-तीन, कधी तर एकच प्राध्यापक. मग कोणी कोणाचा तास पाहायचा? आमच्या मते ही अडचण म्हणजे संधी आहे. मराठीच्या प्राध्यापकाच्या तासाला रसायनशास्त्राचे प्राध्यापक बसले, तर विषयातल्या चुका काढण्याचा मोह त्यांना होणार नाही. ते त्या विषयात विद्यार्थ्याइतकेच अनभिज्ञ असतील, आणि कोठे धागा सुटला हे त्यांना विद्यार्थ्याप्रमाणेच जाणवेल. गोखल्यांसारख्या प्राध्यापकाने फर्ग्युसनमध्ये इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे गरजेप्रमाणे पडतील ते विषय शिकवले. त्या काळच्या लहान महाविद्यालयात विषयांच्या भिंती इतक्या उंच नव्हत्या.

खऱ्या अडचणी निराळ्या आहेत. पहिली सेवाज्येष्ठतेची. ज्येष्ठ प्राध्यापक कनिष्ठाच्या वर्गात गेला की ती तपासणी वाटते, आणि कनिष्ठाने ज्येष्ठाच्या वर्गात जाणे आगाऊपणा वाटतो. दुसरी लहान गावाची. येथे सकाळी वर्गात जे घडले त्याची संध्याकाळी बाजारपेठेत चर्चा होते, आणि टिपणवहीतला एक शब्द बाहेर गेला तरी माणसाचे नाव जाते. तिसरी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर, तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण प्राध्यापकांची. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. एका महाविद्यालयातला तास संपवून दुसरीकडे धावावे लागते. पुढल्या वर्षी नेमणूक होईल की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसाला ‘दार उघडे ठेव, चुका दिसू दे’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. त्याच्या नेमणुकीचा निर्णय आणि त्याच्या वर्गाची भेट यांत भिंत असलीच पाहिजे, आणि भेटीचा वेळही त्याच्या मानधनात धरला गेला पाहिजे. तसे न करता ही प्रथा सुरू केली, तर ती पहिल्याच वर्षी दिपोटीच्या वाटेने जाईल.

आमच्या वाचकांपैकी अनेक घरांत कोणी ना कोणी शिक्षक आहे. कोणी सिस्टर वा फादर संस्थेचे व्यवस्थापक आहेत, कोणी पालक-शिक्षक संघात आहेत, तर कोणाची मुले यंदाच महाविद्यालयात गेली आहेत. शिक्षण हे आपल्या समाजाचे मोठे संचित आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि धर्मग्रामाच्या प्रत्येक समारंभात त्याचा उल्लेख होतो. त्या संचितात इमारतींप्रमाणेच १५९९ चा तो पंधरवड्याचा नियमही आहे. त्याचाही हिशेब आपण मागितला पाहिजे. संस्थेच्या वार्षिक सभेत निकालाची टक्केवारी विचारताना, ‘या वर्षी किती प्राध्यापक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसले?’ एवढे विचारायला हरकत नाही. कोणाच्या वर्गात काय दिसले, हे मात्र आपण विचारू नये. ते त्या दोघांपाशी राहिले तरच ते खरे असेल.

आरंभ कोणी करावा, याविषयी आम्हांला संदेह नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने प्रथम आपले दार उघडावे. प्राचार्यांनी आपल्या स्वतःच्या तासाची वेळ सूचनाफलकावर लावावी, आणि तासिका तत्त्वावर असलेल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याला, त्या तासाचे मानधन देऊन, आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसण्याचे आमंत्रण द्यावे. तास झाल्यावर त्याच्याकडून काय दिसले ते ऐकून घ्यावे, आणि मधे बोलू नये. हे एका सत्रात दोनदा झाले, तर उरलेल्या वर्गांची दारे उघडण्यासाठी वेगळे परिपत्रक काढावे लागणार नाही.